पूजेत ठेवलेला फोन

"ताई, अण्णांनी मला गेटबाहेर काढलं."

इंद्रायणीनं आधी आवाजच ओळखला नाही. शनिवारची सकाळ, ताथवड्याच्या कॉलेजात पेपर तपासत बसलेली ती. स्क्रीनवर नाव होतं नागसेनदादाचं, पण हा माणूस असा रडवेला बोलतो हे तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

"काढलं म्हणजे? काय झालं?"

"म्हणायलेत, चाकणच्या कंपनीचे मेल मी दाबून ठेवले. पार्टला तडे जायलेत म्हणून कंपनीनं तक्रारीवर तक्रार टाकली, अन् आपल्याकडून एक उत्तर नाही. सोमवारी ते आपलं नाव कापणार. ताई, बाबासाहेबांची शपथ, एक मेल माझ्या नजरेला पडला नाही."

"मग अण्णांना तसं सांगा ना."

"सांगितलं. सगळ्या पोरांसमोर मला हरामखोर म्हणले. आता भोसरी-चाकणात कोण मला दारात उभं करणार? मेल दाबणारा क्वालिटीवाला म्हणून नाव झालं की संपलं."

तिनं पेपर तसेच टाकले आणि स्कूटर काढली.

नागसेन काही साधा नोकर नव्हता. भोसरीत अण्णांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, मारुतरावांनी, शेताच्या तुकड्यावर पत्र्याचं शेड टाकून लोखंडी सुटे भाग बनवायला घेतले तेव्हा नांदेडकडून आलेला हा पहिला कामगार. पुढं प्रेसमध्ये त्याची दोन बोटं गेली. तेव्हा अण्णा दवाखान्यात खाटेपाशी उभे राहून चारचौघांत म्हणाले होते, "हे शेड उभं हाय तवर नागसेन माझ्याकडं कामाला. मारुतरावाचा शब्द हाय." नागसेन क्वालिटी बघायला लागला आणि त्या शब्दाची गोष्ट गावभर झाली. इंद्रायणी ती वर्गात पोरांना सांगायची. सांगताना तिची छाती फुगायची, खोटं कशाला बोला?

शेडच्या भिंतीलगत चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारल्या होत्या. कोपऱ्यात खुंट्याही ठोकलेल्या.

"हे काय हो अण्णा?" तिनं आत शिरता शिरता विचारलं.

"गटाराचं काम हाय," अण्णा खुर्चीतून न उठताच म्हणाले. "तू कशापायी आलीस? त्या नाग्यानं फोन केला व्हय?"

"केला. मेल कुठल्या फोनवर येतात आपल्याकडं?"

"एकच खातं हाय. माझ्या फोनवर दिसतं, अन् हापिसातला फोन नाग्याकडं असतो, त्याच्यावर. अन् हा कॉम्प्युटर."

"मग तुमच्या फोनवर पण मेल यायला हवे होते."

"न्हाई आले! त्यानंच काय तरी करून ठेवलं आसंल. आमाला काय कळतंय त्यातलं?"

"उघडा बघू फोन."

अण्णांनी हात विजारीला पुसला आणि डाव्या हाताची करंगळी फोनवर टेकवली. फोन उघडला. इंद्रायणीला तेवढ्यातही हसू आलं. गणपतीत तिनंच हा फोन आणून दिला होता. जन्म तेलात आणि लोखंडात गेलेला, बोटांवरच्या रेषा पार झिजलेल्या. अंगठा लावा, तर्जनी लावा, फोन ढिम्म. शेवटी कामाला कधी न लागलेली ही एकच करंगळी त्यानं मानली. पिनसुद्धा टाकला होता, पण अण्णा तो जेवायच्या आत विसरले. आता तो फक्त तिला ठाऊक होता.

त्याच दिवशी तिनं आणखी एक गोष्ट शिकवली होती. लोन घ्या, लॉटरी लागली, असले मेल बघून अण्णा वैतागायचे. तिनं दाखवलं, कोपऱ्यातले तीन ठिपके दाबायचे, 'ब्लॉक करा' निवडायचं, की पुढचे त्याचे सगळे मेल थेट स्पॅममध्ये, कचऱ्यात. अण्णा जाम खूश झाले होते. "लई झ्याक हत्यार दिलंस पोरी," म्हणाले होते.

तिनं स्पॅम उघडलं. शाम्पू, कर्ज, परदेशी विधवांचा वारसा, आणि त्या ढिगाऱ्यात चाकणच्या कंपनीचे मेल. एकाखाली एक. सगळे न वाचलेले. एक उघडला तर वर स्वच्छ लिहिलेलं, हा पत्ता तुम्ही ब्लॉक केला आहे.

"अण्णा, मेल आलेत. कुणीतरी कंपनीला ब्लॉक केलंय. एका फोनवर केलं की सगळीकडं होतं."

"बघ! म्हनलं न्हवतं?"

"कुणी केलं ते यात लिहिलेलं नसतं. कधी केलं ते मात्र कळेल."

तिनं तारखा लावल्या. कंपनीकडून नेहमीच्या पेटीत आलेला शेवटचा मेल सणाच्या शुभेच्छांचा, खंडेनवमीच्या दुपारचा. स्पॅममध्ये पडलेली पहिली तक्रार त्याच दिवशी संध्याकाळची. बरं झालं दिवाळीच्या आत बघितलं, महिना उलटला असता तर स्पॅम आपोआप साफ झालं असतं आणि सगळ्यावर पाणी पडलं असतं.

"म्हणजे खंडेनवमीला, दुपार ते संध्याकाळ," ती म्हणाली.

"त्याच दुपारी नाग्या नागपूरला गेला, दीक्षाभूमीला. दरसाल जातो," अण्णा लगेच म्हणाले. "गाडीत बसून केला आसंल उद्योग."

"तुम्ही कुठं होता?"

"पूजा झाली अन् मी घरी गेलो. माझा फोन तर पूजेत व्हता."

हे खरं असणार. खंडेनवमीला शेडमध्ये पाना, हातोडी, प्रेस, सगळ्याची पूजा व्हायची. मेन स्विच खाली. समईपुढं मांडलेल्या हत्याराला दसऱ्याच्या पूजेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. लहानपणी रणजीतनं, तिच्या भावानं, सायकलसाठी पूजेतला पाना उचलला तर अण्णांनी त्याला दिवसभर उपाशी ठेवलं होतं. गेली काही वर्षं फोनही पूजेत बसायचे. आमचं आताचं हत्यार हेच, असं अण्णांचं म्हणणं.

ती बाहेर आली. रणजीत टेम्पोपाशी उभा होता.

"रणजीत, खंडेनवमीचे फोटो आहेत तुझ्याकडं?"

"आहेत ना. स्टेटसला ठेवले होते."

पूजेचा फोटो झकास होता. झेंडूच्या माळा, समई, आणि पाटावर शेजारी शेजारी दोन फोन, पाठीवर हळदकुंकू लावलेले. एक अण्णांचा. दुसऱ्याच्या कव्हरवर शेडचं नाव.

"हा ऑफिसचा फोन? नागसेनदादानं नागपूरला नेला नव्हता?"

"नाही. स्वतःचा नेला. हा त्यानं माझ्यासमोर बंद करून पाटावर ठेवला, पूजेत वाजायला नको म्हणून. दसरा करून परत आल्यावर त्यानंच चालू केला."

"मध्ये कुणी चालू केला असेल तर?"

"कसा करणार? चालू करताना पिन मागतो. तो नागसेनदादालाच माहीत. मी दुपारभर त्या नंबरवर फोन करत होतो, एक चाकणचा टेम्पोवाला मागं लागला होता म्हणून. बंदच लागत होता. नंतर डोक्यात प्रकाश पडला की फोन पूजेतच आहे."

"दुपारभर तू समईपाशी नव्हतास?"

"जेवायला गेलो होतो. समई विझू द्यायची नाही ना. अण्णा बसले होते."

इंद्रायणीची नजर भिंतीलगतच्या पांढऱ्या रेघांकडं गेली.

"कुणाच्या जमिनीत गटार खणतायत रे?" तिनं अचानक विचारलं.

"कसलं गटार?" रणजीत बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"चुन्याच्या रेघा कसल्या आहेत?"

"अण्णांना विचार ताई. मला बोलायचं नाही असं सांगितलंय."

तिनं पुढं विचारलं नाही. चाकणच्या कंपनीत खरेदी बघणाऱ्या प्रितमला फोन लावला. त्याचा नंबर प्रत्येक तक्रारीखाली होता.

"मॅडम, बरं झालं तुम्ही तरी फोन केला," तो म्हणाला. "खंडेनवमीला सकाळीच मी मारुतरावांना फोनवर सांगितलं होतं, तडे जातायत, संध्याकाळी फोटोसकट मेल टाकतो, नागसेनना बघायला सांगा."

"नंतर पुन्हा बोलणं झालं?"

"झालं की. दर आठवड्याला. ते म्हणायचे, नागसेनला दिलंय, तो आळशीपणा करतोय, मी तरी काय करू?"

"नागसेन यांच्याशी थेट बोललात?"

"मारुतरावांनीच सांगितलं, त्याला फोन करू नका, माझ्याशी बोला."

तिनं फोन ठेवला. शेडच्या पायरीवर बसली. आपल्याला रडू येतंय की चीड, तिचं तिलाच कळेना. मग गेटबाहेर उन्हात उभ्या असलेल्या नागसेनला हाक मारली.

"दादा, आत या. माझ्या जबाबदारीवर या."

ऑफिसात चौघं. अण्णा खुर्चीत, रणजीत दाराशी, नागसेन भिंतीला टेकून.

"ह्याला कशाला आणलंस?" अण्णा कडाडले.

"त्यांच्याबद्दल बोलायचंय, त्यांच्यासमोर बोलू." ती टेबलापाशी गेली. "कंपनीला ब्लॉक केलं ते खंडेनवमीच्या दुपारी. मेन स्विच खाली होता, म्हणजे कॉम्प्युटर बंद. ऑफिसचा फोन बंद, पाटावर. दादांनी आपल्या फोनवरून केलं म्हणाल, तर त्यांच्या फोनवर हे खातंच नाही. राहिला एकच फोन."

"माझा? तो बी पूजेतच व्हता की! कुणी बी उचलला आसंल. हा रणजीत व्हता तितं."

रणजीतनं मान वर केली. बापाकडं नुसता बघत राहिला.

"रणजीतला तुमचा फोन उघडता येत नाही," इंद्रायणी म्हणाली. "कुणालाच येत नाही. पिन मला माहीत, आणि मी त्या दिवशी ताथवड्यात होते. तुमचा फोन जगात एकाच गोष्टीनं उघडतो अण्णा. डाव्या करंगळीनं."

अण्णांनी डावा हात मांडीखाली घेतला. पोरासारखा.

"चुकून दाबलं गेलं आसंल," ते हळू म्हणाले.

"पूजेतला फोन चुकून हातात आला? समईपाशी बसून, एकटे असताना? आणि मला म्हणालात, पूजा झाली अन् घरी गेलो. प्रितमनं सकाळी सांगितलं होतं की मेल संध्याकाळी येणार. त्याच्या आत काम उरकायचं होतं. दसऱ्यापर्यंत थांबायला वेळ नव्हता, म्हणून तुम्ही पूजा मोडलीत. त्यानंतर दर आठवड्याला प्रितमला सांगितलंत, नागसेन आळशी आहे. ते चुकून होत नाही."

"पण कशापायी करीन मी असं? माझंच काम घालवीन?"

"कारण काम जायलाच हवं होतं. बाहेरच्या रेघा गटाराच्या नाहीत, जागेच्या मोजणीच्या आहेत. जागा बिल्डरला देताय ना? शेड पाडताय?"

रणजीतनं मान खाली घातली. तेवढं उत्तर पुरे होतं.

"मग द्यायची होती," ती म्हणाली. "तुमची जमीन आहे. थकलात, बंद करा. कुणी अडवलं होतं?"

अण्णा नजर न उचलता म्हणाले, "गुडघं गेलं माझं. ह्या रणजीतला शेडात रस न्हाई. पण लोक काय म्हनतील, इंद्रे? दवाखान्यात चारचौघात बोललो व्हतो. मारुतरावानं शब्द फिरवला म्हनतील."

"म्हणून त्यांनाच चोर ठरवलंत? कंपनीनं काम काढलं, नागसेननं घात केला, मारुतरावाचा काय दोष, असं लोकांनी म्हणावं म्हणून?"

बाहेर शेडात प्रेस खाडखाड चालू होता.

नागसेन भिंतीपासून पुढं आला. त्याचा उजवा हात, तीन बोटांचा, टेबलाच्या कडेवर टेकला.

"अण्णा, तोंडावर म्हणला असतात ना, नागसेना, झालं आपलं, तर मीच कुलूप लावलं असतं. किल्ली तुमच्या हातात देऊन पाया पडून गेलो असतो. मी काय शब्दाला धरून बसलो होतो का? मी तुम्हाला धरून होतो."

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. इंद्रायणीला त्यांची दया आली नाही, आणि याचं तिला फार वाईट वाटलं. ज्या माणसाची गोष्ट ती वर्षानुवर्षं वर्गात सांगत आली, तो माणूस समईच्या उजेडात करंगळी टेकवत बसला होता. आणि ब्लॉक कसं करायचं ते त्याला तिनंच शिकवलं होतं.

"फोन उघडा," ती म्हणाली.

त्यांनी करंगळी टेकवली. फोन दुसऱ्यांदा उघडला. तिनं ब्लॉक काढलं. नागसेननं तक्रारीतले फोटो बोटांनी मोठे करून बघितले. "भोकापाशी तडा जायलाय. प्रेसमधली डाय झिजलीय. आधी कळलं असतं तर एका दिवसात बदलली असती," एवढंच म्हणाला. मग तिथंच उभ्यानं उत्तर लिहिलं, काय चुकलं, काय बदलायचं, कधीपर्यंत. खाली इंद्रायणीनं एक ओळ घातली, 'उत्तराला झालेला उशीर मालकाकडून झाला. त्यात नागसेन यांचा काहीही दोष नाही.'

"पाठवा," तिनं फोन अण्णांपुढं धरला. "तुमच्या हातानं."

"अगं, ही ओळ चाकणभर हुईल."

"व्हायलाच हवी. आधीची तर भोसरीभर झालीय."

अण्णांनी पाठवलं.

नागसेननं ऑफिसचा फोन खिशातून काढून टेबलावर ठेवला. डबा उचलला. प्रेसवरच्या पोरांनी मशीन थांबवलं होतं, तो प्रत्येकाशी दोन शब्द बोलला आणि गेटातून बाहेर पडला, या वेळी आपल्या पायांनी. इंद्रायणी त्याच्यामागोमाग निघाली.

"इंद्रे, जेवून जा," आतून हाक आली.

तिनं दादाला स्कूटरवर मागं बसवलं आणि दिघीला त्याच्या घरी सोडलं. दारात उतरल्यावर तो म्हणाला, "ताई, अण्णांना एकटं टाकू नका." तिनं नुसती मान हलवली. हो की नाही, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

ताथवड्याला पोचेपर्यंत फोन तीनदा वाजला. अण्णा. चौथ्यांदा वाजला तेव्हा तिनं गाडी कडेला घेतली, त्यांचं नाव बघितलं, ब्लॉकचं बटण बोटाखाली आलं. तिनं बोट मागं घेतलं. फोन वाजू दिला. पलीकडं त्यांना कळू दे की इकडं ऐकू येतंय, आणि तरी कुणी उचलत नाहीये.