अर्ध्यावर मागितलेली बरोबरी

लोणावळ्याच्या बुद्धिबळ क्लबमध्ये दर रविवारी चिठ्ठ्या टाकून जोड्या लागत. त्या रविवारी औंढ्याच्या समीक्षासमोर आला अमृत — आंबीच्या कारखान्यातला, कुरळ्या केसांचा, चाल करण्याआधी पटाऐवजी तिच्याकडे बघणारा. तिनं हे बघणं दोनदा माफ केलं, तिसऱ्यांदा हिशेबात धरलं... आणि त्याच गडबडीत घोडा घालवून बसली.

आता हरणार, हे तिला कळून चुकलं. तेवढ्यात अमृत हळूच म्हणाला, "बरोबरी?"

तिनं लगेच हात पुढे केला. त्यानं तो जरा उशिराच सोडला.

अमृत खाली गेल्यावर क्लब सांभाळणारे वाहिदभाई पट आवरायला आले. "बेटा, दोन चालींत मात होती तुझ्यावर. वजीर द्यायचा, मागून हत्ती. त्याला दिसली नसेल, हे मी तरी मानणार नाही."

समीक्षा तडक जिना उतरली. धुक्यात अमृत बाइक सुरू करत होता.

"दया केलीत माझ्यावर?" रागाच्या पहिल्या झटक्यात तिच्या तोंडी औंढ्याची बोली यायची. "म्या मागितली व्हती?"

"दया नाही हो..." त्यानं हेल्मेटवरचं दव उगाच पुसलं. "बरोबरी झाली की पुढच्या रविवारी तीच जोडी पुन्हा बसते ना... चिठ्ठीवर माझा भरवसा नाही."

तिचे कान तापले. राग मात्र तसूभर उतरला नाही.

"म्हणजे तुमच्या सोयीसाठी माझा डाव मोडलात. हार माझी होती, ती मला हवी. वर चला."

डाव जिथे थांबला होता, तसाच पटावर पुन्हा मांडला गेला. अमृतनं नाइलाजानं वजीर पुढे सरकवला. तिनं तो हत्तीनं मारला. त्याचा हत्ती आत आला — मात. समीक्षानं आपला राजा आडवा केला.

"वाहिदभाई, फळ्यावरचा निकाल बदला. मी हरले."

"मग पुढचा रविवार गेला," अमृत पुटपुटला.

"गेलाच. नियमाआड लपायची सोय संपली. आता काय ते तोंडानं विचारा."

मेलेला वजीर तो बोटांत फिरवत राहिला. "रविवारी... तिकोण्याला याल? माझ्याबरोबर?"

समीक्षानं मोठी चाल असावी तसा वेळ घेतला.

"येईन," ती म्हणाली. "पण गड अर्धा चढल्यावर बरोबरी मागायची नाही."