धुरपताबाईंना दिलेली ओ

परभणीत आल्यावर माझी पहिली खरेदी म्हणजे माठ. एप्रिल लागला होता आणि भाड्याच्या खोलीत फ्रिज नव्हता. मी चिपळूणची. आमच्याकडे ऊन अंगाला चिकटतं, तिथे ते चावतं. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसेना. दुकानांची शटरं अर्ध्यावर ओढलेली, आणि सगळ्या गावावर तापलेल्या काळ्या मातीचा वास. धान्य भाजताना जरा जास्तच भाजलं गेलं की येतो ना, तसा.

लिंबाच्या सावलीत एक म्हातारी माठ मांडून बसली होती. मी काही विचारायच्या आत तिने एक माठ उचलला, बोटाने टण्‌ टण्‌ वाजवून दाखवला आणि म्हणाली, "ह्यो घ्या. मागच्या बारीला नेलेला फुटला का?"

"मावशी, मी आजच आलेय इथे."

"काय मजाक करायलाव," ती हसली. "लांबून येताना चालण्यावरनं वळखलं की म्या."

मीही हसले. नवीन गाव, बोलकी माणसं. माठ कमरेवर घेऊन खोलीवर आले.

डोळ्यांच्या एका खाजगी दवाखान्यात मला नोकरी लागली होती. डोळे तपासायचे, चष्म्याचे नंबर काढायचे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी भिंगाचं माप घ्यायचं. दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसायचं काम. तिथली नर्स अपेक्षा पहिल्याच दिवशी म्हणाली, "बनी तो बनी, नहीं तो परभणी! आमच्यात म्हणच हाय तशी. इथं आलेलं माणूस एकतर टिकतं, न्हाईतर दुसऱ्या म्हैन्यात पळतं."

खोली जिंतूर रोडच्या आतल्या अंगाला, चांगुणाबाईंच्या घरात होती. त्या अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या. पुढच्या खोलीत बाबासाहेबांचा मोठा फोटो, बाजूला मुलाच्या लग्नाचा. मुलगा पुण्याला, त्यामुळे मी आल्याचा त्यांना आनंदच झाला होता. दुपारी मी जेवायला घरी यायचे. वाटेत रंगनाथची चहाची टपरी होती. पहिल्याच दिवशी त्याने न विचारता कमी साखरेचा चहा पुढे केला.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"तुमी असाच घेताव की!" त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

हे असं रोज होऊ लागलं. भाजीवाली माझ्यासाठी चुक्याची कोवळी जुडी बाजूला ठेवायची. रिक्षावाला पत्ता विचारायचा नाही. एक शिंपी रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, बाई, तुमचे ब्लाऊज कवाचे शिवून ठेवलेत, नेत का न्हाई? मी थट्टा समजून दुकानात गेले. ब्लाऊज अंगावर धरून पाहिला. खांदा, बाही, सगळं मापात होतं.

तेव्हाच घाबरायला हवं होतं. पण खरं सांगू? मला ते आवडायला लागलं होतं. आई तिकडे एकटी, मी इकडे एकटी. संध्याकाळी फोनवर मी तिला सांगायचे, गाव रखरखीत आहे, पण फार मायेचं आहे गं. सगळे ओळखल्यासारखे बोलतात.

मग धुरपताबाई आल्या.

चारठाण्याच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, नुसता उजेड-अंधार तेवढा कळत होता. सोबत पुतण्या होता, आश्रुबा. मी त्यांना अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवलं, हनुवटी यंत्रावर टेकवली. त्यांच्या डोळ्यात प्रकाश टाकला तर बाहुली सायीसारखी पांढरी. खोलीत यंत्राच्या पंख्याची घरघर तेवढी होती.

"आजी, हलू नका हं," मी म्हटलं.

त्यांनी एकदम माझं मनगट धरलं. पकड अशी, की सुटेना.

"सवे...?" त्या कुजबुजल्या. "सविता... तूच ना गं?"

मी मनगट सोडवून घ्यायला गेले.

"पाऊल वाजलं तवाच वळखलं म्या. बोल की माय. तूच ना?"

दाराशी उभा असलेला आश्रुबा मान हलवून मला खुणावत होता. नाही म्हणा, की हो म्हणा, त्या अंधारात कळेना. म्हातारीचा श्वास चढला होता. अशा घाबऱ्या जिवाला ऑपरेशनला कसं पाठवायचं? त्या क्षणी जे सुचलं ते बोलले.

"हो," मी म्हटलं. "मीच आहे. आता शांत बसा पाहू."

पकड सुटली. त्यांनी लहान मुलासारखी हनुवटी यंत्रावर ठेवली. मी माप घेतलं. मला आठवतं, तेवढ्यात खोलीत तापलेल्या मातीचा वास आला. खिडकी तर नव्हतीच त्या खोलीला.

बाहेर आल्यावर आश्रुबाने मला बाजूला घेतलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"बाई, तुमी हो म्हणायला नगं होतं."

"आजींना बरं वाटावं म्हणून..."

"सविता म्हंजी काकूची लेक, माजी चुलत बहीण. ह्याच गावात एका दवाखान्यात कामाला होती. खोली करून ऱ्हायची. एका दुपारी ताट वाढून घेतलं आन् कुणीतरी हाक मारली म्हणून उठून भाईर गेली. घास मोडलेला न्हवता. दार उघडं. लय हुडकलं. येलदरीच्या धरणापस्तोर हुडकलं. न्हाई घावली." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तोंड तुमच्यावानी न्हवतं तिचं. पर चालणं... तुमी मघाशी आत जायलताव, तवा माजंच काळीज हाललं. आमच्यात म्हणतेत, हरवलेल्या माणसाच्या नावानं दुसऱ्यानं ओ देऊ नये."

मी त्याची समजूत काढली आणि कामाला लागले.

त्याच संध्याकाळी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी धुरपताबाईंची पट्टी काढली. मी शेजारीच उभी होते. त्यांनी डोळा उघडला, मिचकावला, पाणी आलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. तिथून त्यांची नजर सरकली, माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे गेली. आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मी आजवर कुठल्याही पेशंटचा तसा उजळलेला पाहिला नाही.

"आलीस...?" त्या म्हणाल्या. "उन्हातनं आलीस व्हय गं? आत ये की. अशी दारात का उभी ऱ्हायलीस?"

मी वळून पाहिलं. दार उघडं होतं. व्हरांड्यात कुणी नव्हतं.

"आजी, तिथे कोण आहे?"

"तुमीच तर म्हणलाव की," त्यांनी साधेपणाने उत्तर दिलं. "काल तुमीच हो म्हणलाव ना बाई."

डॉक्टर म्हणाले, नवीन नजर आहे, दोन दिवस भास होतील.  अपेक्षाने दार लोटून घेतलं.

दुपारी मी घरी निघाले. ऊन डोक्यावर होतं. रंगनाथच्या टपरीवर थांबले. तो मान वर करेना. मी हाक मारल्यावर त्याने पाहिलं आणि म्हणाला, "काय देऊ बाई? नव्या दिसताव गावात."

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याने साखर घालून चहा दिला. भाजीवालीने माझ्याकडे पाहिलंच नाही. शिंप्याच्या दारावरून गेले, तो दुसऱ्या कुणाकडे तरी पाहून हसला. मागे वळून पाहिलं तर रस्ता मोकळा, नुसती झळ नाचत होती.

घराचं दार आतून लावलेलं होतं. मी कडी वाजवली. चांगुणाबाईंनी दार उघडलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?"

"मावशी, मी... रोहिणी."

त्यांनी डोळे बारीक करून मला निरखलं. मग चेहऱ्यावरचा रंगच गेला. "तुमी भाईर कवा गेलाव? आत्ता तर जेवलाव. म्याच वाढलं. लय भूक लागली मावशी, म्हणलाव. भाकरीवर भाकरी... म्या तर बघतच ऱ्हायले..."

आम्ही दोघी माझ्या खोलीत गेलो. पंखा चालू होता. ताट घासूनपुसून भिंतीला उभं केलेलं. खाटेवरच्या चादरीवर कुणीतरी नुकतंच बसून उठल्याचा दाब होता. मी हात लावला. चादर तापलेली होती, दुपारच्या दगडासारखी. चांगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हळूच म्हणाल्या, "मी असल्या गोष्टी मानत न्हाई, ताई. जल्मात मानल्या न्हाईत. पर जेवलं कोण मंग?"

त्यानंतरचे दिवस कसे काढले, मलाच माहीत. दवाखान्यात लोक मला ओलांडून बघायचे. वॉचमन रोज नाव विचारायचा. अपेक्षा मला पाहून दचकायची आणि म्हणायची, "आत्ता तर तुमी आत होतात." चांगुणाबाईंनाही मी आले की खात्री करायला वेळ लागायचा, आणि दर दिवशी तो वेळ वाढत होता. रडायलाही भीती वाटायची. माझ्या आधीच कुणी ते रडून गेलं असेल, असं वाटायचं.

शेवटी धुरपताबाई पुन्हा तपासणीला आल्या, तेव्हा मी ठरवलं. अंधाऱ्या खोलीत त्यांच्या पायाशी बसले.

"आजी, मी सविता नाही. मी खोटं बोलले. माझं नाव रोहिणी. मी हो म्हटलं ते मागे घेते."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आता त्यांना दिसत होतं. त्या कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "सुईणीच्या हातातनं म्या घेतलेलं लेकरू. मला का वळखू येत न्हाई? तू ती न्हाईस."

"मग तिला जायला सांगा ना."

त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी पदराने पुसले.

"उपाशी गेलती गं ती..." त्या म्हणाल्या. "आता कुठं दोन घास खायलीय. ताटावरनं उठ म्हणून कसं सांगू? म्या माय हाय तिची."

 बाहेर आश्रुबाच्या चपलांचा आवाज आला. धुरपताबाई घाईने वाकल्या, माझ्या कानाशी आल्या.

"तू बी कुणाची तरी लेक हाईस. जा माय. बेगीन जा. दिस हाय तवर जा. मागनं कुणी हाक मारली तर वळू नगंस."

मी राजीनामाही लिहिला नाही. खोलीवर गेले, हाताला लागलं ते पिशवीत भरलं. चांगुणाबाई घरी नव्हत्या. त्यांचा निरोप न घेताच स्टेशन गाठलं. ऊन उतरत होतं, फलाटावर माणसं होती, पोरं खेळत होती. गाडी लागली. पायरीवर पाय ठेवला आणि मागून हाक आली.

"रोहिणी..."

माझाच आवाज. आमच्या चिपळूणच्या बोलीत, नावाच्या शेवटाला जरा ओढून. मी दांडी घट्ट धरली आणि आत चढले. गाडी हलेपर्यंत खिडकीबाहेर पाहिलं नाही.

चिपळूणला पोचले तेव्हा आईने दारातच मिठी मारली. नाव विचारलं नाही, डोळे बारीक केले नाहीत. पाऊस लागला, मला इथेच एका चष्म्याच्या दुकानात काम मिळालं. बाजारात कुणी ओळखलं नाही तरी मी सुखावायचे. हळूहळू झोप लागायला लागली. परभणीतल्या कुणाशी बोलले नाही. त्यांचे नंबरसुद्धा काढून टाकले, माझाही बदलला.

गेल्या आठवड्यात आई म्हणाली, पुण्याला मावशीकडे चार दिवस जाऊन येते. मी तिला एसटीत बसवून आले. आईची तब्येत ठणठणीत आहे, एकटी सगळीकडे जाते, त्यामुळे काळजी नव्हती. पोचल्याचा फोन आला नाही, तेव्हा वाटलं, विसरली असेल. मावशीला विचारलं. मावशी म्हणाली, अगं ती येणार होती का? मला काहीच माहीत नाही.

आईचा फोन लागेना. मी पोलिसात जायला निघतच होते, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. चांगुणाबाई होत्या. आवाज आनंदी, मोकळा.

"कोण बोलायलंय? हा नंबर आमच्या रोहिणीताईंच्या आईनं दिला. चिपळूणात शेजारी कुणी हाय म्हणल्या, पोचले म्हणून कळवा. लेकीनं बोलावलं म्हणून भेटायला आल्यात त्या, परवाच. लय दिवसांनी भेटल्या मायलेकी, रातभर बोलत होत्या."

 कसंबसं म्हटलं, "त्यांना द्या... फोन त्यांना द्या."

पावलांचा आवाज आला. कुणीतरी दार लोटून घेतलं. मग आईचा श्वास. तो मी कुठेही ओळखेन.

"आई," मी म्हटलं. "आई, मी बोलतेय."

 ती अगदी हळू आवाजात, परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाली, "कोण तुम्ही? जरा हळू बोला हो. रोहिणीचा आत्ताच डोळा लागलाय."