झाकण लावण्याआधी

लाबासा या आमच्या बेटावरच्या गावात साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की नदीकाठी मळीचा वास बसतो आणि माझा मेहुणा धनेसर तत्त्वज्ञ होतो. त्या सकाळी तो खुर्चीत चहा पीत बसला होता आणि मी वेल्डिंग मशीनच्या डिझेल इंजिनापुढे उकिडवा बसून घाम पुसत होतो.

हे मशीन एरवी शहाणं. रॉड लोखंडाला टेकला की आपोआप जोरात धावतं, हात उचलला की जरा वेळानं पेंगायला लागतं. आज ते पेंगता पेंगता दचकत होतं. भर्रर्र करून वर, मग खाली. पुन्हा वर. असल्या इंजिनावर वेल्ड करायचं म्हणजे टाका कुठं जाड, कुठं भोक.

“डिझेलमध्ये पाणी असेल, दाजी.”

“काढलं.”

“मग फिल्टर?”

“बदलला. पाइपातली हवाही काढली.”

“मग नशीब. त्याचा पार्ट मिळत नाही.”

नदीकाठच्या उतारावर आमच्या गिऱ्हाइकाची, अपीची मालवाहू बोट चढवून ठेवली होती. तिच्या पोटातल्या मागच्या बंद टाकीचा पत्रा चिरला होता. दुपारी उधाणाची भरती होती. ती चुकली की बोट पुढच्या उधाणापर्यंत कोरडीच राहणार. अपीच्या बेटावर त्याची मुलगी लितिया दिवस भरून बसली होती. बाळ आडवं आहे, हॉस्पिटलात न्या, असं तिथल्या नर्सनं बजावलं होतं आणि दुसरी बोट नव्हती. अपी नुसता नदीकडे बघायचा, मग माझ्याकडे. शिवी दिली असती तर परवडली असती.

मी गव्हर्नर खोलला. हा इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग. स्प्रिंग ठीक, दांडा ठीक. सगळं ठीक असलेल्या यंत्रासारखं बिघडलेलं यंत्र दुसरं नसतं. परत जोडला, चालू केलं. भर्रर्र.

“तुम्ही त्याला समजावून बघा,” धनेसर म्हणाला. “ताईला समजावता तसं.”

“मग ते बंदच पडेल.”

तो हसला आणि अर्ध्यातच थांबला. कप खाली ठेवून कान देऊ लागला. तो आळशी असला तरी पंचवीस वर्षांचा वेल्डर होता.

“दाजी, हे बिघडलेलं नाही. ऐका. एक रॉड जळायला जेवढा वेळ लागतो, तेवढंच चढतंय. मग थांबतंय. मग पुन्हा. कोणीतरी रॉड बदलतंय.”

“रॉडचा होल्डर तर खिळ्याला टांगलाय.”

“तेच म्हणतोय.”

मी केबल मशीनमधून उपटून काढली. इंजिन चढलंच.

“भाई,” बोटीजवळून अपीनं हाक मारली. “इकडं या.”

चिरलेल्या पत्र्यावरचा हिरवा रंग फुगत होता. पलीकडच्या बाजूनं वेल्डिंग चाललं की अलीकडचा रंग असा जळतो, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. फोडांची रेघ चिरेवरून हळूहळू पुढं सरकत होती. इंजिन चढलं की सरकायची. उतरलं की थांबायची.

रेघ चिरेच्या टोकाला पोचली आणि इंजिन एका सुरात पेंगू लागलं. सकाळपासून पहिल्यांदा.

मागच्या टाकीचं झाकण आम्ही कालच बोल्टांनी आवळलं होतं. धनेसर आत मावत नाही, म्हणून बाहेरूनच पट्टी मारायची ठरलं होतं. अपीनं आणि मी बोल्ट काढले, बॅटरी घेऊन आत उतरलो.

आत गंज, ओल आणि जळक्या रॉडचा वास. माणूस नव्हता. लपायला कोपराही नव्हता. चिरेवर मात्र टाका होता. एकसारखा, माशाच्या खवल्यांसारखा, वरची खपली ठोकून काढलेला. मी बोट लावलं आणि पोळून मागं घेतलं.

“झकास काम आहे,” अपी पुटपुटला.

मला त्या वेळी भीती नाही, राग आला. सकाळभर मी गव्हर्नर खोलत बसलो होतो.

आम्ही वर आलो. पाणी उताराच्या रुळांना लागलं होतं.

टाकी बंद करण्याआधी पत्र्यावर तीन ठोके द्यायचे आणि थांबायचं, हा आमच्या धंद्याचा नियम. आत कोणी राहिलं असेल तर तो ठोकून सांगतो. उत्तर आलं, तर झाकण लावायचं नाही.

मी तीन ठोके दिले.

आतून तीन ठोके आले.

अपीनं बॅटरी मारली. रिकामी टाकी.

मी पुन्हा ठोकलं. पुन्हा उत्तर आलं, तितकंच शांत.

“अपी, आत कोणीतरी आहे.”

“आत्ता तर बघितलं, भाई. कोणी नाही.”

“नियम आहे.”

“तिकडं लितियाही आहे,” तो म्हणाला.

त्यानं पिशवीतून नगोनाच्या, पेय करायच्या झाडाच्या, मुळ्यांची जुडी काढली. दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना अपीचे लोक हीच पुढं ठेवतात. ती त्यानं अलगद आत सोडली.

मग आम्ही बोल्ट आवळले.

भरतीवर बोट सुटली. लितिया वेळेवर पोचली.

हॉस्पिटलात तिला भेटायला गेलो, तेव्हा अजून बाळ झालं नव्हतं. नर्स म्हणाली, बाळ आपोआप सरळ झालंय. वाटेत एक थेंब पाणी टाकीत आलं नाही, असं अपीनं सांगितलं आणि चहा आणायला गेला.

“काका,” लितिया हळूच म्हणाली. “येताना वाटभर खालून कोणीतरी ठोकत होतं. तीनदा ठोकायचं आणि थांबायचं. पप्पा म्हणाले, उत्तर देऊ नकोस. मी नाही दिलं.”

तिनं पोटावर हात ठेवला.

“हा देत होता.”