गुळाच्या कढईतून ढोकबेटाला

मच्छिंद्र मांडीएवढ्या गाळात उभा होता आणि बेबीनंदाला हसू आवरत नव्हतं.

संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते. कोवळं ऊन तलावावर नुसतं सांडलेलं. बेटावरचा चारा कढईत भरून ती काठाला येत होती आणि समोर हा माणूस – पांढरा शर्ट, दोन्ही हात आभाळाकडं, आणि हातांत एक काळी पिशवी, देवाची मूर्ती धरावी तशी.

"अहो, विसर्जनाला आलात का?" तिनं पाण्यातूनच विचारलं.

"हसू नका हो बाई! पाय निघून न्हाई राह्यला… जल्दी काहीतरी करा!"

"पिशवीत काय हाय?"

"कॅमेरा."

"मंग कॅमेरा द्या इकडं. तुम्ही ऱ्हा तिथंच."

शेवटी तिनं दोर फेकला. माणूस निघाला, एक चप्पल मात्र तलावानं ठेवून घेतली.

खडकवाडीचं जुनं गाव या तलावाखाली गेलं त्याला बारा-तेरा वर्षं झाली होती. गावाचे तीन उंचवटे तेवढे पाण्याच्या वर राहिले, त्यांची बेटं झाली. तिसऱ्या बेटावर बाभळी माजल्या आणि बाभळींवर ढोक उतरले – पिवळ्या चोचीचे, गुलाबी शेपटीचे, माणसाच्या छातीला लागतील एवढे उंच. म्हणून ते ढोकबेट. बेबीनंदाच्या बापाचं, रायभानचं, चराईचं रान या बेटांवर अडकलं. सरकारनं तलाव दिला, तलावाच्या नावाची पाटी दिली, होडी दिली नाही. तेव्हा रायभाननं हसनाबादकडच्या एका गुऱ्हाळातून मोडीत निघालेली पातळ पत्र्याची गुळाची कढई उचलून आणली आणि पाण्यात सोडली. बेबीनंदा दहा वर्षांची होती तेव्हापासून फळीच्या तुकड्यानं ती वल्हवत होती. आता ती बारावी पास होती, वीस वर्षांची होती आणि कढईवर तिच्याइतका हात कुणाचा नव्हता.

"ढोकबेटावर न्याल का?" त्यानं विचारलं. "जालन्याहून आलोय. तिथं मस्तगडला माझा स्टुडिओ हाय. पासपोर्ट फोटो आणि लग्नं काढून काढून डोळे आंबले माझे."

"मंग पाखरं कशाला?"

"जालन्यात कुठल्याबी दवाखान्यात जा, लॉजात जा – भिंतीवर स्वित्झर्लंड! बरफ, धबधबा अन् लाल टोपीचं घर. आपल्याकडं बघण्यासारखं काहीच न्हाई का?"

तो खरोखर चिडला होता. तिला ते आवडलं. बसा म्हणाली.

कढईत नवा माणूस बसला की ती गरगर फिरते. मच्छिंद्रनं दोन्ही कडा घट्ट धरल्या.

"ही… अशीच फिरती का?"

"मन थाऱ्यावर नसलं की फिरती."

"मन ठीक होतं. कढईत बसेपर्यंत."

बेबीनंदानं फळी जरा जोरातच मारली. पाणी त्याच्या तोंडावर उडालं. मुद्दाम उडवलं की चुकून, ते तिचं तिलाच ठाऊक.

बेटावर पोचल्यावर त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, आणि फोटोवाले सगळे करतात तेच केलं – पाखरं उडावीत म्हणून टाळी वाजवायला हात उचलले. बेबीनंदानं त्याच्या मनगटावर फटका हाणला. चांगला सणसणीत.

"उडवायचं न्हाई!"

"उडताना फोटो भारी येतो…"

"ऊन चढलंय. बघा वर. आई पंख पसरून उभी हाय ना? खाली पिल्लं हायेत, अंगावर पीससुदिक न्हाई. ती उडाली तर पिल्लं भाजतात. तुमच्या भारी फोटोपायी त्यांनी मरायचं का?"

मच्छिंद्रचं तोंड उतरलं. तो बाभळीपासून वीस पावलं मागं सरला, मातीत बसला आणि दीड तास हलला नाही. माशी नाकावर बसली तरी हलला नाही. उन्हं आई ढोकाच्या पंखांतून चहासारखी गाळून येत होती, गुलाबी… तेव्हा एकदाच खट्ट् आवाज झाला.

बेबीनंदानं आयुष्यात पुष्कळ पुरुष पाहिले होते. चूक दाखवल्यावर गप्प बसलेला हा पहिलाच.

पुढल्या सोमवारी दुकान बंद ठेवून तो परत आला. एस.टी.नं हसनाबाद, तिथून भाड्याच्या सायकलवर. फोटो तिच्या हातात ठेवला. तिनं पाहिला, उलटा करून पाहिला, पुन्हा पाहिला.

"हे… आपलं बेट?"

"आपलं," तो म्हणाला. आणि 'आपलं' म्हणताना उगीच खोकला.

असा धंदा सुरू झाला. भेटकार्डं, कॅलेंडरं, भिंतीवर लावायच्या मोठ्या फ्रेमा. जालन्याच्या एका लहान पोरांच्या डॉक्टरनं पहिली फ्रेम घेतली. स्वित्झर्लंड खाली उतरलं आणि खडकवाडीचा ढोक वर चढला. रडकी पोरं त्याची चोच बघून गप्प व्हायची म्हणे. कोणत्या बाभळीवर कधी काड्या जमायला लागल्या, शराटी पाखरं कुठल्या काठाला उतरतात, धुकं किती वाजता फाटतं – हे बेबीनंदा सांगायची आणि मच्छिंद्र त्याप्रमाणं यायचा. मग तिनं कॅमेराच हातात घेतला. पावसाळा सरता सरता तिनं काढलेला एक फोटो – म्हशी पोहत बेटावर चाललेल्या, पाण्यावर नुसती शिंगं – सगळ्यांत जास्त खपला. कार्डाच्या मागं मच्छिंद्रनं छापलं : 'फोटो – बेबीनंदा रायभान'. बापाला वाचता येत नव्हतं. त्यानं ते तिघांकडून वाचून घेतलं आणि कार्ड पटक्याच्या घडीत खोचलं.

वर्ष निघून गेलं. दर सोमवारी ती दोघं सहा फुटांच्या कढईत गुडघ्याला गुडघा लावून बसायची आणि दर सोमवारी दोघंही पाण्याकडं बघायची.

पुन्हा ढोकांना पिल्लं झाली तेव्हाची गोष्ट. बेटावर असताना आभाळ भरून आलं, अवकाळी. टपोरे थेंब पडायला लागले. दोघांनी मिळून कढई तिरकी केली, कडेखाली दगड लावले आणि दोघं आत शिरली. वर पत्र्यावर पाऊस हलगी वाजवल्यासारखा. आत गुळाचा जुना, गोड, जळका वास. आणि बेबीनंदाच्या ओल्या केसांतून एकेक थेंब मच्छिंद्रच्या मनगटावर. तो हात काढून घेत नव्हता. तीही केस मागं घेत नव्हती.

"बेबीनंदा…"

"हं."

"एक सांगायचं व्हतं. म्हंजे… लई दिवसांपासून…"

"सांगा की." ती त्याच्याकडं वळली.

"…रोल संपत आलाय."

ती बघतच राहिली. मग अशी फुटली – तोंडाचा आ, डोळ्यांत पाणी, ओढणीवर ढोकाची पांढरी शीट, गालाला चिखल – पोट धरून हसली. त्याचा हात सवयीनं चालला. खट्ट्. रोलचा शेवटचा फोटो.

आणि आठ दिवसांत स्थळ आलं.

मुलगा वाळूजला कंपनीत कायम. सांगून आणणारा रामकिसन, नात्यातला माणूस, ज्याच्या तोंडून 'कायम' हा शब्द देवाच्या नावासारखा निघायचा. मुलाकडच्यांना आधी फोटो पाहिजे होता. फोटो पसंत पडला तर पाहायला येणार, आणि पाहायला आले की झालंच म्हणायचं. म्हणजे तिची बेटं, कढई, कॅमेरा आणि सोमवार – सगळं एका फोटोवर आलं होतं. बाजारात म्हशीचे दात बघतात तसा आपल्याकडं पोरीचा फोटो बघतात. म्हशीला निदान पावडर लावत नाहीत.

"फोटोवाला घरचाच हाय," आई साखराबाई म्हणाली. "त्याच्याकडंच काढू."

मस्तगडच्या स्टुडिओत मागं रंगवलेला पडदा होता, शेजारी प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. बेबीनंदा उसन्या साडीत खांबासारखी उभी राहिली.

"जरा उजळ काढा बरं का भाऊ," साखराबाई म्हणाली.

ते 'भाऊ' मच्छिंद्रच्या काळजात, गाळात चप्पल रुतावी तसं रुतलं.

"हाय तशी चांगली दिसती, मावशी."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

तो कॅमेऱ्यामागं गेला. भिंग जुळवायला त्याचा हात तीनदा चुकला. पाखरांवर दीड दीड तास न हलणारा हात.

"हसा…" तो कसाबसा म्हणाला.

"कोणासाठी?" बेबीनंदानं विचारलं. सरळ, भिंगाच्या आत बघून.

साखराबाई स्वतःच्या साडीच्या निऱ्या ठीक करत होती. ती ऐकत नव्हती. मच्छिंद्रनं… बटण दाबलं. बेबीनंदा हसली नाही. घरी जाताना ती एस.टी.च्या खिडकीला डोकं टेकून बसली आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. गाळात उभं राहायचं तर देवासारखं राहतो आणि तोंड उघडायचं तर रोल संपतो!

सोमवारी तो आला. दोन लिफाफे दिले. एकात स्थळासाठीचे फोटो, दुसऱ्यात बेटाच्या रोलचे. डोळे वर न करता म्हणाला, "चांगलं स्थळ हाय म्हणे. कायम."

"व्हय. बिलकुल कायम," ती म्हणाली आणि पाठ फिरवली.

त्या संध्याकाळी रामकिसन लिफाफा घेऊन गेला. तो पुढच्या सोमवारी सकाळीच परत आला, ओट्यावर आल्या आल्या आवाज चढवून. मच्छिंद्र सायकल टेकवतच होता.

"रायभान, माझी पार इज्जत घालवली तू! ही रीत हाय का पोरगी दाखवायची?" त्यानं फोटो घोंगडीवर आपटला.

फोटोत पडदा नव्हता, कुंडी नव्हती. कढईखाली बसलेली बेबीनंदा होती – तोंडाचा आ, गालाला चिखल, ओढणीवर शीट.

"पोराची आई म्हणती, पोरगी दाखवली का ढोक? नको म्हणले ते. बिलकुल नको!"

साखराबाईनं कपाळाला हात लावला. मच्छिंद्र पुढं आला, त्याचा चेहरा पांढराफटक.

"माझी चूक हाय, आबा. लिफाफे… माझ्याकडून बदलले. पोरीला बोल लावू नका. मी स्वतः वाळूजला जातो, हात जोडतो, बराबर फोटो देतो."

"गाढवासारखं काम!" रामकिसन ओरडला.

"त्यांनी न्हाई बदलले." दारातून आवाज आला. बेबीनंदा उभी होती. हाताला पीठ. "मी बदलले."

रामकिसननं आधी फोटोकडं पाहिलं, मग तिच्याकडं. 

"कशापायी?" बापानं विचारलं.

"तो दुसरा फोटो माझा नव्हता. उसनी साडी, उसनं तोंड. ही मी हाय. चिखलातली. जो ही बघून हो म्हणंल त्याच्याकडं जायचं. ते नको म्हणले – बरं झालं, टळलं."

रायभाननं फोटो उचलला. वाचता न येणारा माणूस फोटो मात्र सावकाश वाचतो. त्यानं लांब धरला, जवळ धरला. मिशी हलली.

"माझी पोरगी एवढी हसलेली मी कधी पाह्यली न्हाई," तो म्हणाला. "ही कोणाकडं बघून राह्यली?"

त्यानं फोटो साखराबाईपुढं धरला.

"साखरे, बघ की. डोळे बघ तिचे. ही कॅमेऱ्याकडं न्हाई बघत. कॅमेऱ्याच्या मागं बघून राह्यली." त्यानं मान वळवली. "फोटो काढताना मागं कोण व्हतं रे, मच्छिंद्र?"

मच्छिंद्र म्हणाला, "मी."

"अन् तुला काय वाटतं हा फोटो?"

आता रोल नव्हता संपायला. त्यानं बेबीनंदाकडं पाहिलं – पहिल्यांदा, पाण्याकडं न बघता.

"याची एक प्रत माझ्या पाकिटात हाय, आबा. पहिल्या दिवसापासून. मला… हीच पाहिजे. चिखलासकट."

बेबीनंदाच्या हातातलं पीठ ओट्यावर सांडलं.

"मंग त्या दिशी बोंबलले का न्हाई?" ती ओरडली. रडतही होती, हसतही होती. "हसा म्हणे, हसा!"

दोघांची जात एकच निघाली. नसती निघाली तर ही गोष्ट इतक्या हसत संपली नसती, हेही सांगून टाकलेलं बरं. रामकिसन तोंडातल्या तोंडात पुटपुटत चहा पिऊन गेला. साखराबाईला तोंडावर आलेलं 'भाऊ' गिळायला दोन दिवस लागले. रायभाननं मात्र एक अट घातली.

"पव्हता येतं का?"

"न्हाई, आबा."

"माझी पोरगी पाण्यातली हाय. आधी पव्हायला शीक. मंग हळद."

म्हणून चैत्रात, तळपत्या दुपारी, खडकवाडीच्या काठाला सगळं गाव जमलं. मस्तगडचा फोटोवाला पाठीला रिकामा रॉकेलचा डबा बांधून, तोंडानं फुर्र फुर्र करत पाणी हाणत होता. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. रायभान काठावरून "हात मार! हात!" म्हणून ओरडत होता. ढोक आपली मोठी झालेली पिल्लं घेऊन उडून गेले होते, बाभळी मोकळ्या होत्या.

थोड्या अंतरावर कढई होती. गरगर फिरत नव्हती, पाण्यावर चित्रासारखी स्थिर. तिच्यात बेबीनंदा, कॅमेरा डोळ्याला.

"हसा!" ती ओरडली.

मच्छिंद्रनं नाकातोंडातलं पाणी बाहेर टाकलं, एक हात वर केला आणि धापा टाकत विचारलं,

"कोणासाठी?"

"जिच्याकडं बघून राह्यलात… तिच्यासाठी."

आणि तो असा हसला की बुडायलाच लागला.

खट्ट्.

त्या फोटोत डबा आहे, उडालेलं पाणी आहे आणि मधे एक बुडता, खुशीनं वेडा झालेला माणूस. लग्नानंतर मस्तगडच्या दुकानातला रंगवलेला पडदा काढून टाकला, तिथं तो लावलाय. पोरीचा स्थळासाठी फोटो काढायला कुणी आलं की बेबीनंदा आधी तिला तो दाखवते. पोरगी खळखळून हसते. आणि बेबीनंदा तेवढ्यात बटण दाबते.