पाचव्याआधी सहावं

जायचं होतं बाल्कनीत, आणि ती शिरली भलत्याच दारातून. जिना अंधारा, दारावर पाटी नाही, त्यात उशीर झालेला. दार ढकललं आणि समोरून येणाऱ्या माणसावर ती अशी आदळली, की त्याच्या हातातले दोन्ही पत्र्याचे डबे खणखणत जमिनीवर.

"अगं बाई! सॉरी, सॉरी…"

"असू दे, असू दे. पायावर नाही ना पडलं?"

"पडलं असतं तर अशी उभी असते का मी?"

तो हसला. एक डबा टेबलाखाली गेला होता, तो त्यानं रांगत जाऊन काढला. दुसरा दाराशी गरगरत होता, तो तिनं उचलला. तो त्याच्या हातावर ठेवताना बोटांना बोटं लागली… आणि जरुरीपेक्षा किंचित जास्तच वेळ लागून राहिली. खोलीत प्रोजेक्टर घरघरत होता. त्याच्या उजेडात त्याच्या कपाळावरची काळ्या तेलाची रेघ तिला दिसली आणि ती पुसावीशी वाटली. हे असलं काही तिला सहसा वाटत नसे.

"ही मध्यंतरानंतरची रिळं," तो म्हणाला. "मी इथला ऑपरेटर. थिएटर मामांचं, मेहनत माझी. आणि तुम्ही?"

"मी… या सिनेमावर लिहायला आलेय. परत एकदा."

"परत?"

"आठ वर्षांपूर्वी 'बडा घर पोकळ वासा' असा मथळा देऊन ज्या बाईनं याला झोडपलं होतं ना…"

"ती तुम्ही?" त्यानं डबे छातीशी धरले. "मामा अजून तुमच्या नावानं बोटं मोडतात! दुसऱ्याच आठवड्यात उतरवावा लागला सिनेमा."

"मग सांगू नका त्यांना, मी आलेय म्हणून."

"नाही सांगत. पण सिनेमा शेवटपर्यंत बघायचा, बरं का!"

ती घाईघाईनं दाराकडे वळली. का, ते पुढे कळेलच.

ती एका वर्तमानपत्रात सिनेमाची परीक्षणं लिहायची. ऑफिसात तिचं नाव कात्री. एकदा चालली की समोर दिग्दर्शक आहे की नट, बघायची नाही. आजचा सिनेमा होता गुंडांच्या टोळीचा. दिसायला असा देखणा की कुठलंही दृश्य थांबवावं आणि भिंतीवर लावावं. गोष्ट मात्र फुसकी. टोळीच्या म्होरक्याला त्याचीच माणसं दगा देतात, तो मरतो, पोरगा सूड घेतो, बस्स. आता कॉलेजची पोरंपोरी त्यातली चित्रं खरोखरच भिंतीवर लावायला लागली होती. म्हणून संपादकांनी फर्मान सोडलं, "तुझ्याच निकालावर फेरसुनावणी. उद्या संध्याकाळपर्यंत लेख."

ती बाल्कनीत जाऊन बसली. पडद्यावर पाऊस कोसळत होता. ओल्या फरशीवर पिवळे दिवे सांडले होते, लांब कोट घातलेली माणसं त्या उजेडातून जात होती, आणि त्यांनी तोंड उघडलं की सगळ्याचा विचका होत होता. "मी कायदा आहे," एक म्हणे. "मग मी शिक्षा आहे," दुसरा म्हणे. तिनं कपाळाला हात लावला.

मध्यंतर झालं. आणि मग कमालच झाली.

म्होरक्या गल्लीत गोळ्या खाऊन मेला. इतक्या लवकर? ती सावरून बसली. पुढच्याच दृश्यात तो घरी जेवणाच्या टेबलावर येऊन बसला होता! कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. बायको सगळ्यांना वाढत होती आणि त्याच्यापाशी आली की तिचा हात थबकत होता. दिव्याचा उजेड सगळ्यांच्या तोंडावर, त्याचंच तोंड तेवढं अंधारात. मेलेला माणूस आपल्या घरी जेवायला आलाय आणि त्याला ते माहीतच नाही… कात्रीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

सिनेमा संपल्यावर ती धावत वर गेली. ऑपरेटर दाराशीच उभा होता, चेहरा पांढराफटक.

"हे बघा, मी सांगणारच होतो…" त्यानं सुरुवात केली.

"काही सांगू नका! मी चुकले होते. अहो, काय लिहिलंय त्या माणसानं! मेल्यावर तो जेवायला येतो! आणि मी मूर्ख, याला पोकळ म्हटलं!"

त्यानं मान खाली घातली. तिला वाटलं, लाजाळू आहे बिचारा. ती बोलत सुटली. हातवारे, हुंदके, हसणं, सगळं एकदम. मग त्यानं थर्मासमधला चहा झाकणात ओतून तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, "लेख द्यायच्या आधी उद्या सकाळी एकदा याल? खेळ नसतो तेव्हा. तुमच्यासाठी दोनच रिळं लावतो."

"फक्त माझ्यासाठी?"

"फक्त… हो."

अशी निमंत्रणं काय सिनेमासाठी असतात? ती मनात म्हणाली, आणि जिना उतरताना गुणगुणायला लागली. घरी ताईनं विचारलं, "आज काय कात्रीला गंज चढला का? हसतेयस ती?"

"लिहिण्यासारखं सापडलंय गं," ती म्हणाली. रात्री तिनं लेख लिहूनही टाकला. असा लेख तिनं जन्मात लिहिला नव्हता.

सकाळी रिकाम्या थिएटरात ती एकटीच बसली. दिवे गेले. जेवणाचं टेबल आलं. तिला वाटलं, यानं आधीचं रीळ गाळलं. मग म्होरक्या जेवून उठला, कोट चढवला, गल्लीत गेला आणि मेला.

दिवे लागले. तो खाली येऊन तिच्या रांगेच्या टोकाशी उभा राहिला.

"खरा क्रम हा आहे," तो म्हणाला. "टेबल पाचव्या रिळात. मरण सहाव्यात. काल डबे पडले, मी ते तसेच मांडणीवर ठेवले आणि पाचव्याआधी सहावं लागलं."

"म्हणजे भूत नाही?"

"नाही. ते लोक दगा देणार असतात, म्हणून त्याच्याशी बोलत नाहीत. एवढंच."

तिचा लेख पर्समध्ये होता. ती पर्स तिनं घट्ट धरली.

"काल का नाही बोललात?"

"तुम्ही रडत होता आणि हसत होता… माझी जीभच रेटेना."

"आणि आज रेटली! गप्प बसला असता तर माझा लेख वाचून झुंबड उडाली असती. मामांचं भलं झालं असतं."

"झालं असतं. आणि त्या झुंबडीनं सिनेमा सरळ क्रमानं बघितला असता आणि तुम्हाला हसली असती." तो म्हणाला, "ते मला चाललं नसतं."

तो जवळच्या खुर्चीत बसला. मध्ये एक खुर्ची सोडून.

"एक विचारू? तुम्ही तर आधी पाहिला होता ना? मग काल कळलं कसं नाही?"

संपलं. आठ वर्षं जे ताईलासुद्धा पुरतं सांगितलं नव्हतं, ते आता ओठांवर आलं.

"मी मध्यंतरात उठून गेले होते," ती म्हणाली. "ताईला मुलगी झाल्याचा फोन आला… धावले दवाखान्यात. आणि रात्री अर्ध्या सिनेमावर अख्खा निकाल लिहून दिला. पहिलं परीक्षण माझं! अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले. तेव्हापासून कुणी त्या सिनेमाचं नाव काढलं की धस्स होतं."

आता हा हसणार, असं तिला वाटलं. तो हसला नाही.

"भाची कशी आहे?" त्यानं विचारलं.

बस्स. त्या एका प्रश्नावर कात्रीचं पातंच गळून पडलं. याच्यावर आपण प्रेम करतोय, हे तिला तेव्हा स्वच्छ कळलं, आणि तिनं ते लगेच लपवलं, कारण डोळे पुसायचे होते.

"ते टेबल परत दाखवाल?" ती म्हणाली.

त्यानं दाखवलं. या वेळी तिनं संवाद ऐकलेच नाहीत, नुसतं पाहिलं. दिवा खरोखरच त्या माणसाचं तोंड टाळत होता. लेखकाला जे सुचलं नव्हतं, ते कॅमेऱ्याला आधीच ठाऊक होतं: हा माणूस जिवंतपणीच या घरातून गेलेला आहे. भूत कालही होतं आणि आजही होतं. ते शब्दांत नव्हतं, उजेडात होतं.

तिनं लेख फाडला आणि नवा लिहिला. पटकथा तेव्हाही लंगडी होती, आजही आहे, हे लिहिलं. कॅमेऱ्याबद्दल जे कळलं ते लिहिलं. आणि मध्यंतरात उठून गेल्याचं, रिळांच्या घोळाचं, सगळं लिहिलं. संपादकांनी चष्मा वर केला. "कात्री, हा लेख आहे की लग्नपत्रिका?"

"छापणार की नाही?"

"छापतो. पण लोक तुझी टिंगल करतील."

केली ना! सकाळपासून फोन वाजत होते. "अर्ध्या तिकिटाच्या बाई" असं नवं नावही पडलं. पण दुपारी ती थिएटरवर पोचली तर तिकिटाच्या खिडकीशी रांग, आणि मामा घाम पुसत ओरडत होते, "तीनचा खेळ सरळ, सहाचा उलटा! नीट विचारून तिकीट घ्या!" तिला पाहून त्यांनी बोटं मोडली नाहीत. जिन्याकडे बोट तेवढं दाखवलं.

ऑपरेटर रीळ चढवत होता. पाठमोराच म्हणाला, "लेख वाचला. एक चूक आहे त्यात."

ती दारातच थांबली. "कोणती?"

"तुम्ही लिहिलंय, ऑपरेटरचं लक्ष नव्हतं." तो वळला. कान लालबुंद झाले होते. "होतं. अगदी पूर्ण होतं. फक्त… डब्यांवर नव्हतं."

प्रोजेक्टर सुरू झाला. दोघं तशीच उभी.

"मग दुरुस्ती छापावी लागेल," ती हळूच म्हणाली.

"छाप ना."

"छाप? आत्तापर्यंत 'तुम्ही' होते मी!"

"चुकलं…"

"नाही चुकलं." ती पुढे झाली आणि त्याच्या कपाळावरची तेलाची रेघ बोटानं पुसली. आज ती जास्तच पसरली होती. "डब्यांवर आकडे होते, माझ्या हाताच्या पंजाएवढे. मीही नाही वाचले. माझं लक्ष कुठे होतं, ते विचार की!"

"कुठे होतं?"

तिनं सांगितलं. अगदी जवळ जाऊन सांगितलं, त्यामुळे काय सांगितलं ते आपल्याला ऐकू आलं नाही. खाली पडद्यावर पाऊस, दिवे, माणसं, सगळं धूसर होऊन एकमेकांत मिसळलं होतं आणि भरलेलं थिएटर शिट्ट्या मारत ओरडत होतं, "ऑपरेटर, फोकस! अहो ऑपरेटर!"

बराच वेळ ओरडत होतं.