आईच्या नावाचा रकाना

ही गोष्ट खरी आहे. शपथेवर सांगते. आणि शपथ घेताना मी आता दहादा विचार करते. का, ते पुढे कळेलच.

सिडनी, कॅसल हिल. नोव्हेंबर २००८. दर बुधवारी दुपारी दोन ते पाच. भर उन्हातली गोष्ट आहे, त्यामुळे 'अंधारात भास झाला असेल' असं कृपा करून कोणी कमेंटमध्ये लिहू नका.

तेव्हा मी तेवीस वर्षांची. अकाउंटिंगचं मास्टर्स नुकतंच संपलेलं. सिडनीतच गिरावीनला एका घरात आम्ही सात मुली आणि बाथरूम एक. त्या वर्षांत जो तो शिकायला इकडे येत होता आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द, पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी.

माझा पीआर एका कागदावर अडकला होता.

माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव विनिता. माझ्याच पासपोर्टवर लता. लहानपणापासून बाबा सांगत आले, "लग्नात तिचं नाव बदललं." आपल्याकडे बदलतातच. व्हिसाचा एजंट म्हणाला, "नो वरीज. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत, असं आईचं ॲफिडेव्हिट, शपथपत्र, मागव."

पाच मिनिटांचं काम. दोन महिने झाले तरी येईना!

"बाबा, पाठवलं का?"

"अगं, वकील गावाला गेलाय."

पुढच्या आठवड्यात, "आईला बरं नाहीये."

त्याच्या पुढच्या आठवड्यात, "स्टॅम्पपेपर मिळत नाहीये."

साताऱ्यात स्टॅम्पपेपर मिळत नाही? कोणाला शेंड्या लावतात हे? एकवीस डिसेंबरला माझा व्हिसा संपत होता. आईला फोन द्या म्हटलं, की ती नेमकी देवळात गेलेली.

असल्या वैतागात मी दर बुधवारी दोन बस बदलून मार्जरीकडे टायपिंगला जायचे.

मार्जरी हॉलिस. वय ऐंशी, भलं मोठं घर, राहणारी एकटी. अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा तिचं घराणं मॅसॅच्युसेट्समध्ये होतं. पुढे त्यातलं कोणीतरी सोन्याच्या मागे ऑस्ट्रेलियात आलं. चर्चच्या जुन्या नोंदींच्या झेरॉक्स वाचायच्या आणि तिची वंशावळ कॉम्प्युटरवर चढवायची, एवढंच माझं काम.

पहिल्याच बुधवारी एक घोळ निघाला. १७३८ साली जोनाथन हॉलिसचं लग्न झालं मर्सीशी. १७४१ साली मुलगी झाली, टॅबिथा. पण जोनाथनच्या मृत्युपत्रात बायकोचं नाव हॅना!

मी म्हटलं, त्यात काय. लग्नात नाव बदललं असेल. मर्सीची हॅना झाली. टॅबिथाच्या पानावर, आईच्या नावाच्या रकान्यात मी टाईप केलं, हॅना.

आणि मागच्या खोलीतून आवाज आला...

थप... थप... थप...

हलका. ओळखीचा. बाळाला थोपटून झोपवतात ना, तसा.

वाटलं, मार्जरी असेल. खिडकीतून बघितलं, तर मार्जरी बाहेर गुलाबांना पाणी घालत होती.

मी उठून त्या खोलीचं दार उघडलं. आवाज थांबला. आत एक पलंग आणि घड्या घातलेल्या चादरी. दुसरं काही नाही.

पुढच्या बुधवारी मार्जरी म्हणाली, "स्वरदा, लव्ह, टॅबिथाच्या आईचं नाव टाकायला विसरलीस तू."

विसरले? मी?

बघितलं तर रकाना रिकामा.

पुन्हा टाईप केलं. दोनदा सेव्ह केलं. मागच्या खोलीत पुन्हा ते थोपटणं सुरू झालं. मी लक्ष दिलं नाही. माझ्या डोक्याला आधीच कमी ताप होता का?

तिसऱ्या बुधवारी रकाना पुन्हा रिकामा. मार्जरीने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की मला रडूच आलं. मी कामचुकार नाही हो!

ती बागेत गेली. मी दात-ओठ खात हॅना टाईप केलं आणि हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे टक लावून बसले. बघतेच आता कसं जातं!

थप... थप...

आवाज खोलीतून येत नव्हता.

माझ्या खुर्चीच्या मागून येत होता...

आणि माझ्या डोळ्यांदेखत नाव पुसलं जायला लागलं. शेवटच्या अक्षरापासून. एक... एक... करत. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

मी किंचाळले. मार्जरी काठी टेकत आत आली. आवाजाचं मी तिला सांगितलं नाही, वेडी समजली असती. रागारागाने एवढंच म्हटलं, "तुमचा कॉम्प्युटर हॅना नाव घेतच नाही!"

"हॅना? हॅना कशाला?"

मी सांगितलं. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, तसं मर्सीचं बदललं असेल.

मार्जरी हसली. "आमच्यात आडनाव बदलतं, नाव नाही." मग चष्मा लावून तिने टॅबिथाच्या बाप्तिस्म्याची नोंद माझ्यापुढे धरली. आई, मर्सी. "आणि समजा, बदललं असतं. लग्न अडतीसचं, मुलगी एक्केचाळीसची. लग्नातच नाव बदललं असतं, तर मुलीच्या नोंदीत आईचं जुनं नाव कसं आलं असतं?"

तिने दफनाच्या नोंदींची फाईल काढली. मर्सी सापडली. टॅबिथाच्या जन्मानंतर नऊ दिवसांनी गेली होती. हॅना ही दुसरी बायको.

मी मर्सी टाईप केलं. नाव राहिलं. घरात सगळं शांत.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण मार्जरीचं ते वाक्य डोक्यातून जाईना. लग्नातच नाव बदललं असतं, तर...

मी तरी कधी झाले? लग्नानंतरच ना?

जन्मदाखला माझ्या बॅगेतच होता. काढला. आईचं नाव... विनिता.

थप...

एकदाच. माझ्या पाठीवर.

मी कशी बाहेर पडले, मला आठवत नाही. बस स्टॉपवर उभ्या उभ्या कॉलिंग कार्ड घासून नंबर काढला आणि घरी फोन लावला. तिकडे सकाळ होती, बाबा बँकेत गेलेले. आईनेच उचलला.

"आई, तू सही का करत नाहीयेस?"



"स्वरू, चार वेळा तो कागद पुढ्यात घेतला गं. विनिता गेल्यावर मी या घरात आले, तू तीन महिन्यांची होतीस, तेव्हापासून मीच तुझं सगळं केलं. म्हटलं, लेकीचं काम होतंय, एका सहीने काय बिघडतंय? पण..."

"पण काय?"

"पेन उचललं की कोणीतरी पाठीवर थोपटतं... हळू. बाळाला थोपटतात तसं."

त्या आवाजाबद्दल मी जगात कोणालाही सांगितलं नव्हतं.

मी बस स्टॉपवर भोकाड पसरलं. खरं सांगते, भीतीपेक्षा संताप जास्त होता. तेवीस वर्षं! एकानेही तोंड उघडू नये? एक फोटो नाही, एक आठवण नाही. त्या अमेरिकन बाईची दफनाची तारीख मला पाठ होती आणि जिने मला जन्म दिला, ती गेल्याचंही मला माहीत नव्हतं.

ॲफिडेव्हिट आलंच नाही. बाबांनी विनिताच्या मृत्यूचा दाखला पाठवला. माझ्या बारशाआधीच ती गेली होती. पीआरच्या फॉर्मवर मी आईच्या नावापुढे विनिता लिहिलं. त्यानंतर तो आवाज कधी आला नाही.

म्हणजे, मागच्या मंगळवारपर्यंत.

आता मी डार्विनला असते. माझी शिवांगी अडीच महिन्यांची आहे. आई, म्हणजे लता, मदतीला आली आहे. मी तिला आजही आईच म्हणते.

मंगळवारी दुपारी शिवांगी रडत उठली. आईचे हात कणकेत, माझे भांड्यांत. "आले गं राणी," म्हणत मी नळ बंद केला...

रडणं थांबलं.

थप... थप... थप...

आईने माझ्याकडे बघितलं. तिचाही चेहरा पांढरा पडला होता. मी दाराकडे निघाले, तर तिने कणकेच्या हाताने माझं मनगट धरलं.

"थांब जरा. तिला तुझं काहीच करायला मिळालं नाही गं."

मला ते कळतं हो. पण मुलगी माझी आहे! मी हात सोडवून आत धावले.

खोलीत कोणी नव्हतं. शिवांगी शांत झोपली होती, पालथी.

मी तिला उताणी झोपवलं होतं. आणि ती अजून स्वतःहून वळत नाही.