कोटावरचा खडू

"हलू नका… जराही हलू नका!"

सकाळी सकाळी अनोळखी माणसाने असं म्हटल्यावर जो तो आधी हलतोच. ती हलली, आणि कोटाच्या कॉलरवरचा चिखलाचा थेंब ओघळून थेट खिशापर्यंत आला.

"गेलं," तो म्हणाला. "आता ओला रुमाल लागणार."

पाऊस म्हणावा तर नव्हता, पण चष्म्यावर बारीक थेंब साचत होते. हॉस्पिटलसमोरच्या बसथांब्यावर दोघंच उभी होती. नुकतीच गेलेली बस तिच्या पांढऱ्या कोटावर आपली सही करून गेली होती. कोटही तिचा नव्हता, मैत्रिणीचा होता. दोन माप मोठा, पण कडक इस्त्रीचा.

त्याने रुमालाने डाग टिपला, खिशातून पांढरा खडू काढला आणि त्यावर हलक्या हाताने फिरवायला लागला. ती बघतच राहिली.

"हे काय करताय?"

"चित्रकलेचा मास्तर आहे मी. पोरांच्या शर्टावरची शाई अशीच लपवतो. आईला कळेपर्यंत शाळा सुटलेली असते."

"टिकेल का पण?"

"झटकू नका, टिकेल. आणि कुणाला हात लावू देऊ नका."

"तुम्ही लावलाच की!"

"कलाकारांना माफ असतं."

तिला हसू आलं. कित्येक दिवसांत कुणाशी असं उगाचच बोलणं झालं नव्हतं… घरात बोलणं म्हणजे बाबांच्या गोळ्या नाहीतर बाबांचा व्यायाम.

"आज परीक्षा वाटतं, डॉक्टरीणबाई?"

"मुलाखत. रेसिडेन्सीची निवड आहे. इथेच राहून, काम करत पुढचं शिकायचं. पण डिग्रीला ठरावीक वर्षं उलटली की अर्जच घेत नाहीत. माझं हे शेवटचं वर्ष."

"डिग्री काय पाव आहे का, शिळा व्हायला?"

"नियम आहे," ती म्हणाली, आणि मग का कोण जाणे, सगळं सांगून बसली. बाबांच्या छातीत दुखत होतं. एका डॉक्टरने घाईत तपासलं, 'सगळं नॉर्मल आहे' म्हणून घरी पाठवलं. त्याच आठवड्यात बाबा कोसळले. वाचले, पण बोलणं अडखळायला लागलं. दादाची फिरतीची नोकरी, आईचे गुडघे धड नाहीत. मग हिच्याशिवाय होतं कोण? त्यातच वर्षं निघून गेली.

मास्तर हसायचे थांबले. "मग आज तुमचीच निवड व्हायला हवी," ते म्हणाले.

"आणि तुम्ही? पेशंट आहात की पेशंटचे कोण?"

"मी… थोडासा पेशंट."

"थोडासा?"

"जास्त सांगायला बंदी आहे." आणि कानामागे खडू अडकवून ते गेटातून आत गेले सुद्धा.

*

मुलाखतीची इथली पद्धत सरळ होती. पडद्याआडच्या खाटेवर एक माणूस झोपलेला असतो. तुम्ही एकट्याने त्याची चौकशी करायची, त्याला तपासायचं. घंटा झाली की परीक्षक येतात आणि विचारतात, काय सापडलं?

तिने पडदा सारला… आणि पडदा हातातच राहिला.

खाटेवर मास्तर. शर्टाची बटणं उघडी. कानामागचा खडू तसाच.

त्यांनीही तिला पाहिलं. चेहरा असा झाला, की जणू वर्गात पोराऐवजी तेच पाटीमागे लपताना सापडलेत. "मला वाटलं, तुम्ही दुसऱ्या हॉलमध्ये असाल," ते पुटपुटले.

बाहेर जाऊन सांगायला हवं होतं, की आमची ओळख आहे, पेशंट बदला. नियमच तसा होता. तिला तो माहीत होता. पण घड्याळ सुरू झालं होतं, आणि तिचे पाय जागचे हलेनात. तिने प्रश्न विचारले. नजर मात्र खाटेच्या कडीवर, भिंतीवर, कुठेही… फक्त त्यांच्याकडे नाही. याच माणसाने मघाशी आपली कॉलर धरली होती! आता त्याच्या उघड्या छातीवर हात ठेवायचा? तिने स्टेथोची चकती ठेवली, सरकवली, पुन्हा ठेवली. आपलंच काळीज एवढं धडधडत होतं, की दुसरं काही ऐकू येत नाही, याचंही नवल वाटलं नाही.

घंटा झाली. चकती उचलताना तिच्या लक्षात आलं.

स्टेथोची दुसरी टोकं तिच्या गळ्यातच होती. कानात घातलीच नव्हती.

पडदा सरकला. मुख्य परीक्षक मॅडम आत आल्या.

"हृदय तपासलंत?"

"हो, मॅडम."

"छातीवर चारही जागी ऐकलं?"

"…हो."

"काय मिळालं?"

"सगळं नॉर्मल आहे."

आपलाच आवाज तिला परका वाटला. मॅडमनी भुवई उंचावून खाटेकडे पाहिलं. "मास्तर, यांनी नीट स्टेथो ठेवला होता?"

मास्तर छताकडे बघत होते. "ठेवला होता," ते म्हणाले. कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या.

*

बाहेरच्या बाकावर उमेदवारांचा नुसता कलकलाट होता.

"तुला मास्तर आले? सुटलीस बाई!" कुरळ्या केसांची एकजण म्हणाली. "त्यांच्या हृदयात मर्मर आहे. ठोक्यांच्या मधे बारीक फुंकर मारल्यासारखा आवाज. त्रास काहीच नाही, जन्मापासूनचा आहे. पण स्पष्ट येतो. म्हणून तर त्यांना दरवर्षी बोलावतात."

धरणीने पोटात घ्यावं, असं लोक म्हणतात. इथे फरशीला साधी भेगसुद्धा नव्हती. नॉर्मल… सगळं नॉर्मल. हेच शब्द बाबांना घरी घेऊन आले होते. त्या डॉक्टरला तिने मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या! आणि आज तो कोट तिच्याच अंगावर होता, खडू लावलेला, वरून पांढराशुभ्र.

कॅन्टीनच्या दाराशी मास्तर दिसले. ती तरातरा गेली.

"खोटं का बोललात?"

"खोटं कुठे बोललो? ठेवला होता की. कानात नव्हता, ते कुणी विचारलंच नाही."

"विनोद नको, मास्तर!"

त्यांनी मान खाली घातली. "नाही करत. मलाच शरम वाटतेय. दरवर्षी इथे झोपतो ते कशाला? उद्या खाटेवर खराखुरा आजारी असेल, त्याला कान असलेला डॉक्टर मिळावा म्हणून ना? आणि आज… तुमचा चेहरा पाहिला, बाबांचं आठवलं, आणि…" ते थांबले. "तुमच्यासाठी बोललो. पण त्यात तुमचं भलं नव्हतं."

तिचे डोळे भरून आले, आणि तेही त्यांनी पाहिलं म्हणून आणखीनच लाज वाटली.

"मी आत जातेय," ती म्हणाली.

"मीही येतो."

"नको. तोंड माझंच काळं झालंय. पुसायलाही मीच जाते."

*

"मॅडम, स्टेथो माझ्या कानात नव्हता."

शेजारचे म्हातारे परीक्षक फसकन हसले. मॅडम हसल्या नाहीत.

"का?"

"लाजले. आमची सकाळी बाहेर ओळख झाली होती. तेही मी सांगायला हवं होतं."

"मर्मर ऐकू न आलेले आज बरेच जण आले. त्यांचे मार्क कापले. तुमचं काय कापू?"

"कापाल ते कमीच आहे."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "मास्तरांच्या खाटेचे शून्य. पलीकडच्या खाटेवर एक आजी आहेत, त्यांना तपासा. आणि आधी कानात घाला."

आजींना तिने तपासलं… सावकाश, डोळे मिटून. जे ऐकलं ते सांगितलं. एका जागी खात्री नव्हती, तर तेही सांगितलं.

संध्याकाळी यादी लागली. कुरळ्या केसांची निवडली गेली. हिचं नाव रेघेच्या लगेच खाली होतं. वेटिंगला पहिली. कुणी दुसऱ्या हॉस्पिटलात गेलं तर जागा मिळणार, नाहीतर दारं बंद.

तिने घरी फोन लावला. आईने तो बाबांच्या कानाशी धरला. तिने सगळं सांगितलं, स्टेथोसकट. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

"आत… जाऊन… सांगितलंस?"

"हो, बाबा."

"मग… जेवायला… ये."

ती बसथांब्यावर आली तेव्हा मास्तर तिथेच बाकावर बसले होते.

"मॅडमनी मला काढून टाकलं," ते म्हणाले. "'पुढच्या वर्षी येऊ नका, उमेदवारांना जीव लावता.' आता एवढा नामांकित मर्मर बेकार झाला हो. ऐकायला कुणीच नाही."

ती हसली नाही. कोटाच्या खिशातून स्टेथो काढला. बाकावर त्यांच्याशेजारी बसली. टोकं आधी कानात घातली, त्यांना दिसतील अशी. मग चकती शर्टावरूनच ठेवली. या वेळी नजर भिंतीकडे वळवली नाही.

ठोका… बारीकशी फुंकर… ठोका.

"आला?" त्यांनी हळूच विचारलं.

"श्श… पेशंटने बोलायचं नसतं."

"आणखी काही सापडलं का, डॉक्टरीणबाई?"

"ठोके जरा जलद आहेत."

"ते सकाळपासून आहेत… चिखल उडाल्यापासून."

तिच्या कानांपर्यंत लाली चढली. तिने मान खाली घातली, पण चकती तिथेच राहू दिली. बस आली, थांबली आणि निघूनही गेली.

"तुमची बस होती ना?" ते म्हणाले.

"चारही जागी ऐकायचंय मला," ती म्हणाली. "अजून एकच झालीय."